रूपाची चिंता आणि सिगारेटचा नफा

विशीच्या आतल्या मुलींना सिगारेटपासून परावृत्त करायचे असेल, तर कर्करोगाची भीती घालण्याऐवजी त्यांना आरसा दाखवावा, असा एक विचार आरोग्यप्रचारकांत रूढ झाला आहे. त्यात तथ्य आहे. पन्नाशीतला आजार पंधराव्या वर्षी खरा वाटत नाही. पिवळे पडणारे दात, निस्तेज त्वचा, ओठांभोवतीच्या अकाली सुरकुत्या मात्र तत्काळ कळतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात तरुणांना धूम्रपान चालू ठेवल्यास पुढे होणारा आपला चेहरा संगणकावर दाखवला गेला, तेव्हा त्यांच्यापैकी इतरांपेक्षा अधिक जणांनी सिगारेट सोडली.

परंतु स्त्रियांच्या रूपाची ही चिंता सिगारेट कंपन्यांनी फार पूर्वीच वापरली आहे. १९२८ साली अमेरिकेत ‘लकी स्ट्राइक’ने मिठाईऐवजी सिगारेट घ्या, असे सांगून सडपातळपणाचे आमिष दाखवले. १९६८ साली आलेल्या ‘व्हर्जिनिया स्लिम्स’ने त्यावर स्त्रीमुक्तीचा मुलामा चढवला, त्या सुमारास तेथील अल्पवयीन मुलींत धूम्रपान झपाट्याने वाढले. वजन वाढेल या धास्तीने आजही अनेकजणी सिगारेट सोडत नाहीत. हे शस्त्र दुधारी आहे.

म्हणून रूपाच्या चिंतेपासून संवादाला आरंभ जरूर व्हावा. शेवट तेथे होऊ नये. चेहरा हीच मुलीची किंमत, या समजुतीवर कोणाचा नफा उभा आहे, हे तिला समजावून दिले पाहिजे. जाहिरातबंदी, चढता कर आणि व्यसन सोडू इच्छिणारीला मोफत साहाय्य, ही शासनाची जबाबदारी होय. सारा भार एकट्या मुलीच्या निश्चयावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही.