दोघींच्या घराचा जाहीरनामा

पहाटे पाचच्या सुमारास चाकणच्या कंपनीची बस निगडीत येते. एक आई बसमध्ये चढते. दुसरी लेकीची वेणी घालते, डबा भरते, तिला शाळेत सोडते. पाळी बदलली की कामं बदलतात. अशी आमची घरं.

लेकरू रात्री तापानं फणफणतं, तेव्हा रुग्णालयाच्या खिडकीवर विचारतात, "तुम्ही पेशंटच्या कोण?" रात्रभर उशाशी बसलेली दुसरी आई म्हणते, "मावशी." लेकरू ते ऐकतं. घरात आई, बाहेर मावशी हे त्याला सहाव्या वर्षीच पाठ करावं लागतं. आमच्या घरातला ताण इथून येतो. अमेरिकेत १९८६ पासून दोन आयांच्या घरातल्या मुलांचा अभ्यास चालू आहे. ती मुलं कुठं कमी पडलेली नाहीत. त्यांना बोचतं ते लोकांचं हिणवणं.

दत्तक नियम (२०२२) जोडप्याकडे दोन वर्षांचा स्थिर विवाह मागतात आणि विवाह आम्हाला नाही, म्हणून कागदावर एकच आई उरते. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्ती या अटीविरुद्ध आमच्या बाजूनं उभे राहिले, तिघे नाहीत. दोन बाबांची वाट तर आणखी अरुंद: एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळतच नाही.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आईचं नाव लागतं. ते लागायला किती काळ गेला, हे आम्ही जाणतो. तिच्या शेजारी आम्ही आणखी एका आईची जागा मागतो. २८ ऑगस्ट २०२४ ला केंद्रानं स्पष्ट केलं की आम्हाला जोडखातं उघडता येतं, जोडीदाराला नॉमिनी नेमता येतं. पैशाला जे लागू केलंत, ते लेकराला लागू करा.

शाळांनी लेकरू ज्यांच्या ताब्यात द्यायचं त्या यादीत दुसऱ्या आईला पालक म्हणून घ्यावं. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक आहे. तिथं दुसऱ्या आईचंही लेकरू घ्यावं. मूल घरी येईल तेव्हा रजा दोघींना मिळावी.

महिन्यातल्या एका गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीला, आम्ही संध्याकाळी मुलांसकट भेटू. मृत्युपत्रात एकमेकींचं नाव पालक म्हणून कसं लिहायचं, ते वकिलांकडून समजून घेऊ. आणि त्या खिडकीवर आमच्यापैकी कुणीही यापुढे स्वतःला मावशी म्हणणार नाही. जिला भीती वाटेल तिनं रात्री कितीही वाजता फोन करावा. पाळीवर नसलेल्या दोघी येऊन तिच्या शेजारी उभ्या राहतील.