फोटो बारीक करून मिळेल

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत लेख लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला!

मध्यंतरी हॉस्टेलवर शिष्यवृत्तीच्या फॉर्मची धांदल चालू होती. माझ्या रूम पार्टनरचे वडील उत्पन्नाचा दाखला घेऊन घोटावड्याला आले. त्याने मित्राच्या आयफोनवर फोटो काढला आणि वडील दाखला घेऊन गावी परतले. फाइल निघाली एचईआयसी. फॉर्मला हवी जेपीजी, तीसुद्धा ५० केबीच्या आत. फाट्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे पाटीच आहे, ‘फोटो बारीक करून मिळेल’. दहा रुपयांत काम झालं. मूळ फोटो डिलीट. आठवड्याने अर्ज परत आला: ‘दाखला वाचता येत नाही’. वडिलांकडे साधा बटणांचा फोन. बिचारे रोज बुडवून एस.टी.ने पुन्हा आले.

सगळे त्यालाच म्हणाले, ‘कॉम्प्युटरला असून एवढं कळत नाही?’ मूळ फोटो उडवला ही त्याची चूक, मान्य. पण बाकीचं खापर त्याच्या डोक्यावर का?

जेपीजी हे १९९२ चं स्टँडर्ड. ते चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करतं आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारीक तपशील टाकून देतं. चेहऱ्याला ते चालतं. पण अक्षराची कड म्हणजेच बारीक तपशील! अनुस्वार, वेलांटी, रकमेतला आकडा, सगळ्यात आधी तेच पुसट होतं. त्यात आयफोनची एचईआयसी (२०१७ पासून) आधीच एकदा दाबलेली असते. म्हणजे दाबलेलंच पुन्हा दाबायचं.

हा प्रकार किती महागात पडू शकतो बघा. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संशोधकाने दाखवून दिलं, की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करताना ६ चा ८ करत होती. जेबिग-२ पद्धतीत सारखे दिसणारे आकार एकच समजले जात होते. पुसट आकडा निदान संशय तरी आणतो. हा चुकीचा आकडा स्वच्छ दिसत होता!

आता उलट उदाहरण. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. आज आधारच्या क्यूआर कोडमध्ये फोटो असतो, तो जेपीईजी २००० या फॉरमॅटमध्ये. कार्ड दाखवणाऱ्या आजीला हे नाव माहीत असायची काहीच गरज नाही. सॉफ्टवेअर ते गुपचूप उघडतं. मग फॉर्मच्या वेबसाइटला हे का जमू नये? एचईआयसी उघडणारी लिबहाइफसारखी लायब्ररी फुकट मिळते. साइजची मर्यादा ठेवा, आमची ना नाही. पण चेहऱ्याला आणि कागदाला एकच माप लावू नका, आणि सबमिट करण्याआधी ‘हे वाचता येतंय का?’ असं मोठं करून दाखवा.

तोवर आपण एवढं तरी करूया. मूळ फाइल कधीच उडवायची नाही, कॉपीवरच काम करायचं. आधी कडा कापा, मग ब्लॅक अँड व्हाइट करा आणि क्वालिटी सर्वात शेवटी कमी करा. पाठवण्याआधी आकडे स्वतः वाचून बघा.

आणि मित्रांनो, उद्या असे फॉर्म आपल्यातलेच कोणीतरी बनवणार आहेत. तेव्हा एस.टी.त बसलेले ते वडील आठवले, तरी पुष्कळ झालं.

— टी. ई. कॉम्प्युटर