पुढे चार, मागे पाच

मोटारीच्या चाकाला बोल्ट किती असावेत, या विषयावर माझं मत आजवर कुणीही विचारलेलं नाही. विचारायचं कारणही नाही. मी बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून. माझ्या मालकीचं वाहन म्हणजे वडिलांनी मागं ठेवलेली गिअरची स्कूटर. पण ज्या विषयावर आपल्याला कुणी विचारत नाही नेमक्या त्याच विषयावर मत ठोकून द्यायची आपल्याकडे थोर परंपरा आहे, आणि ती मोडणारा मी कोण? तेव्हा स्पष्टच सांगतो. गाडीच्या पुढच्या चाकांना जितके बोल्ट, तितकेच मागच्या चाकांना असले पाहिजेत आणि तेही त्याच मापाच्या वर्तुळावर. यात तडजोड नाही, वाटाघाट नाही आणि 'बघू पुढच्या महिन्यात' तर मुळीच नाही.

'पण ते सारखेच असतात की!' असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. आपण रस्त्यावर बघतो त्या मोटारी कारखान्यातून बाहेर पडतात तेव्हा सारखेच असतात. भानगड सुरू होते ती गाडी म्हातारी झाल्यावर, आणि ती म्हातारी एखाद्या हौशी माणसाच्या तावडीत सापडल्यावर.

असे एक हौशी गृहस्थ आमच्या घरातच आहेत. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. आम्ही त्यांना जावईबापू म्हणतो. राहायला अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसन गावी. या गावच्या ओक ट्री रोडवर आज इडलीच्या पिठापासून सोन्याच्या बांगड्यांपर्यंत सगळं मिळतं. पण याच गावात पूर्वी फोर्ड कंपनीचा कारखाना होता आणि 1960 च्या दशकात तिथं मस्टँग गाड्या तयार होत. 2004 साली तो बंद झाला. कारखान्याची आठवण म्हणून जावईबापूंनी 1966 ची एक मस्टँगच विकत घेतली. दुसरा कुणी असता तर त्यानं कारखान्याचा जुना फोटो भिंतीवर लावून भागवलं असतं.

आता या मस्टँगची थोडी पत्रिका मांडतो, म्हणजे दोष कुठल्या घरात आहे ते कळेल. गाडी जगापुढे आली 17 एप्रिल 1964 रोजी, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात. तिच्यात इंजिनाचे दोन प्रकार मिळत, सहा सिलिंडरचं आणि आठ सिलिंडरचं. सहावालीच्या प्रत्येक चाकाला चार बोल्ट, आठवालीच्या प्रत्येक चाकाला पाच. हिशेब सरळ होता. ज्याचा जोर जास्त, त्याला धरून ठेवणारे हात जास्त. सहावालीचे ब्रेकचे ड्रम नऊ इंची, आठवालीचे दहा इंची. मागच्या एक्सलमधलं दातेरी चक्रही सहावालीत सव्वासात इंची आणि आठवालीत आठ इंची. म्हणजे फोर्डनं दोन मापं ठेवली, पण एकाच गाडीत दोन्ही घातली नाहीत. इतकी अक्कल त्या कारखान्याला 1964 साली होती.

जावईबापूंची गाडी सहावाली. तिचा मागचा एक्सल कण्हायला लागला. त्यांनी भंगारातून फोर्डच्याच मॅव्हरिक नावाच्या गाडीचा आठ इंची एक्सल पैदा केला, तो बसवला आणि व्हिडिओ कॉलवर मला दाखवला. बँकेत एकवीस वर्षं काढलेल्या माणसाला काहीही दाखवलं की तो आधी मोजतो. मी पुढच्या चाकाचे बोल्ट मोजले. चार. मागच्या चाकाचे मोजले. पाच. पुन्हा मोजले.

"जावईबापू, हिशेब जुळत नाही."

"अहो दादा, चालतंय हो!"

या 'चालतंय'वर माझा राग आहे. गळका नळ चालतंय, उघडी वायर चालतंय, रिक्षाच्या मीटरवर फडकं चालतंय. 'चालतंय' म्हणताना आपण फक्त इतकंच सांगत असतो, की अजून पडलेलं नाही. घरात ठीक आहे. पण जिथं ताशी साठ मैलांनी लोखंडाचा तीस मणांचा गोळा धावतोय आणि त्यात माझी बहीण आणि दोन भाचरं बसली आहेत, तिथं 'चालतंय' आणि 'चाललं' यांच्यामध्ये चार नट आहेत.

आधी थोडी भूमिती. कॉमर्सला गेल्यामुळे ती सुटली असं मला वाटलं होतं, पण कुणाचं काही सुटत नसतं. चाकाचे बोल्ट एका वर्तुळावर बसवलेले असतात. त्या वर्तुळाच्या व्यासाला टायरवाले 'पीसीडी' म्हणतात. गंमत अशी, की या दोन्ही मस्टँगांचं वर्तुळ एकच आहे, साडेचार इंचांचं, म्हणजे 114.3 मिलिमीटर. जावईबापू याच मुद्द्यावर छाती पुढे काढतात. "वर्तुळ तर जुळतंय ना?" जुळतंय. पण त्याच वर्तुळावर एकीकडे चार भोकं नव्वद-नव्वद अंशांवर आणि दुसरीकडे पाच भोकं बहात्तर-बहात्तर अंशांवर. चार भोकांचं चाक पाच बोल्टांवर कसंही फिरवून धरा, एका वेळी एकच भोक जुळतं. पत्रिकेत निदान छत्तीसातले अठरा गुण जुळावे लागतात. इथं एका गुणावर लग्न लावायचं चाललंय!

मोजण्यातही मेख आहे. चार बोल्ट असतील तर समोरासमोरच्या दोघांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर घेतलं की व्यास मिळाला. पाच असले की कुणाच्याच समोर कुणी नसतं. मग शेजारच्या दोघांमधलं अंतर मोजून त्याला 1.701 नं गुणायचं. साडेचार इंची वर्तुळावर हे शेजारचं अंतर सुमारे 2.65 इंच भरतं. अंदाजानं टेप लावणारा इथं हमखास दोन-चार मिलिमीटर चुकतो, आणि दोन मिलिमीटरनं काय होतं ते ऐका. फियाटच्या कित्येक गाड्यांचं वर्तुळ 98 मिलिमीटरचं, इतर अनेक गाड्यांचं 100 चं. दोन्हींना बोल्ट चार. शंभरचं चाक अठ्ठ्याण्णववर रेटून बसवणारे महाभाग जगात आहेत. बसतंही. पण नट भोकात सरळ न बसता एका अंगावर बसतो. नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो, त्या ताणानं चाक हबवर दाबून धरलं जातं, आणि गाडीचा भार खरा पेलतं ते या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण. नट वाकडा बसला की पाना घट्ट लागतो, हात सांगतो झालं, आणि दाब मात्र पडलेलाच नसतो. मग चाक डुगडुगतं, नट सैल होतो, बोल्ट थकतो. आमच्या कॅशियरला संध्याकाळी दोन रुपये कमी लागले तर तो घरी जात नाही. दोन मिलिमीटरला ही मंडळी सरळ महामार्गावर जातात.

आता विरुद्ध पक्षाचे युक्तिवाद घेतो. ते तीन आहेत.

पहिला युक्तिवाद: दिसतंय कुणाला? चाकावर चकचकीत टोपी बसवली की आत चार आहेत का पाच, ते परमेश्वरालाच ठाऊक. याला माझं उत्तर एवढंच, की बँकेतले बहुतेक घोटाळेही टोपीखालीच असतात.

दुसरा युक्तिवाद स्टेपनीचा. मागचं चाक पंक्चर झालं आणि डिकीतली स्टेपनी चार भोकांची असली तर काय करणार, असं मी विचारलं. जावईबापू म्हणाले, "दादा, इथं फोन केला की टोइंगची गाडी येते." येत असेल. पण मग स्टेपनी बाळगायची तरी कशाला? एक तर दोन बाळगा, एक पुढची नि एक मागची, आणि भाचरांना टपावर बसवा.

स्टेपनी हा शब्द आला वेल्समधल्या लानेल्ली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून. तिथं 1904 साली डेव्हिस बंधूंनी हे जादा चाक काढलं. ती मूळ स्टेपनी बोल्टवर बसतच नसे. आऱ्या नसलेली, टायर चढवलेली ती एक धाव होती आणि पंक्चर झालेल्या चाकालाच ती चिमटे लावून अडकवत. पुढे मोटारवाल्यांना शहाणपण सुचलं, की चारी कोपऱ्यांत एकच माप ठेवलं तर एक जादा चाक कुठंही बसेल. एवढं साधं, गरिबाला परवडणारं शहाणपण. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीवाल्यांनी त्यावर संसार केले. गाडी मागच्या चाकांवर चालणारी, त्यामुळे मागचे टायर आधी झिजत. मग मागचं पुढे, पुढचं मागे, स्टेपनी मध्येच, असा पत्त्यांचा डाव पिसत तो माणूस पाच टायरांतून शेवटचा किलोमीटर वसूल करी. ती शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. जाईपर्यंत तिची पुढची आणि मागची चाकं एकमेकांना ओळखत होती. माझ्या स्कूटरचंही तसंच. दोन चाकं आणि पाठीवरची स्टेपनी, तिघी एका मापाच्या.

'पण हल्लीच्या भारी गाड्यांची मागची चाकं रुंद असतात, ती कुठं पुढे बसतात?' हा प्रश्न जावईबापूंनी मला मोठ्या विजयानं विचारला. पोर्शच्या 911 चंच घ्या. मागची चाकं पुढच्यांपेक्षा रुंद. पण बोल्ट पिढ्यान्‌पिढ्या पुढेही पाच, मागेही पाच, आणि वर्तुळ दोन्हीकडे 130 मिलिमीटरचं. अडीअडचणीला कुठलंही चाक कुठंही लावून गॅरेज गाठता यावं, एवढी वाट त्यांनीही मोकळी ठेवली आहे. श्रीमंतांनाही पंक्चर होतं, हे जर्मन लोकांना कळतं.

तिसरा युक्तिवाद अडॅप्टरचा. हा सर्वांत घातकी, कारण तो शहाणपणाचा वेश घालून येतो. अडॅप्टर म्हणजे इंच-सव्वा इंच जाडीची धातूची चकती. तिला मागून चार भोकं, ती पुढच्या चार बोल्टांवर आवळायची. चकतीच्या तोंडावर पाच नवे बोल्ट, त्यावर पाच भोकांचं चाक. झालं, पुढेही पाच दिसले!

आमच्याकडे याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात. ताळा लागत नसला की फरकाची रक्कम त्या खात्यात टाकायची, की ताळेबंद जुळलेला दिसतो. दिसतो! चकतीवर पाच बोल्ट असले तरी सगळा भार शेवटी त्या जुन्या चारांवरच येतो. शिवाय चाक तितकं बाहेर सरकतं, बेअरिंगवर ताण वाढतो, आणि पुढचं चाक वळताना मडगार्डला घासायची धास्ती. वर ते चार नट चाकाच्या मागं दडलेले. सैल झाले का बघायचं तर आधी चाक उतरवा. चांगल्या कारागिरानं नीट मापात केलेला अडॅप्टर टिकतो, हे मी नाकारत नाही. सस्पेन्समधली रक्कमही कधीकधी वर्षानुवर्षं शांत पडून असते. पण ऑडिटर केव्हा येईल ते सांगता येत नाही, आणि घाटातल्या उतारावरचा ऑडिटर नोटीस देत नाही.

राहता राहिला खर्च. हा मुद्दा मात्र खरा, आणि त्याला मी हसणार नाही. पुढच्या बाजूला पाच बोल्ट आणायचे म्हणजे नुसते ड्रम बदलून भागत नाही. स्पिंडल बदला, ड्रम बदला, स्टिअरिंगचे टाय रॉड बदला, मग अलाइनमेंट करा, आणि शेवटी नवी चाकं घ्या. माणूस दमतो. म्हणून तो आधी मागचं उरकतो आणि 'पुढचं पुढे' म्हणतो. पुढचं कायम पुढेच राहतं.

यावर आमच्या धंद्यात पाचशे वर्षांपूर्वीच तोडगा निघालेला आहे. लुका पाचोली नावाच्या इटालियन संन्याशानं 1494 साली व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात दुहेरी नोंदीची रीत लिहून ठेवली. एकीकडे नावे टाकलंत, की त्याच वेळी दुसरीकडे जमा टाका. तेच इथं करायचं. पैसे साठेपर्यंत जुना चार बोल्टांचा एक्सल कण्हत असला तर त्याची दुरुस्ती करा, नाहीतर चार बोल्टांचाच दुसरा शोधा. भंगारातला पाचवाला मिळालाच तर तो आणून गॅरेजात झाकून ठेवा. पुढचं सामान पुरतं हाती आलं, की एकाच शनिवार-रविवारी दोन्ही बाजू बदला. जमा आणि नावे, एकाच दिवशी. अर्धी एन्ट्री टाकून घरी जाणाऱ्या कारकुनाला आम्ही मेमो देतो. तो फार तर पैसे बुडवतो.

हे सगळं मी जावईबापूंना फोनवर ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, "दादा, तुम्ही गाडी चालवत नाही ना, म्हणून तुम्हाला असं वाटतं." जावयाला उलट बोलायची आमच्या घरात पद्धत नाही. मी बहिणीला फोन द्यायला सांगितला.

तिला पीसीडी सांगितला नाही, पाचोली सांगितला नाही. एवढंच म्हटलं, "अगं, डिकीतलं जादा चाक मागं बसत नाही."

"म्हणजे रात्री मुलांना घेऊन येताना मागचं पंक्चर झालं, तर मी रस्त्याच्या कडेला उभी राहायचं?" तिनं विचारलं.

हल्ली गाडीची किल्ली साबुदाण्याच्या डब्यात असते. पुढचे स्पिंडल मागवल्याचं जावईबापूंनी कळवलं आहे. ते आले, बसले आणि चारी चाकांचे बोल्ट बहिणीनं स्वतः मोजले, की किल्ली बाहेर. तोवर मस्टँग गॅरेजात उभी आहे. तशीही छान दिसते म्हणतात.