पंप रोज घ्यायचा की त्रास होईल तेव्हा?

दम्याचा पंप रोज घ्यायचा की धाप लागली तरच, हा प्रश्न बाह्यरुग्ण विभागात रोज कानावर येतो. उत्तर पंपातल्या औषधावर अवलंबून आहे, आणि नेमके तेच बहुतेकांना ठाऊक नसते.

साल्ब्युटामॉलचा पंप ओढला की काही मिनिटांत छाती मोकळी होते, कारण श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू सैल पडतात. पण दम्याचे मूळ श्वासनलिकांच्या आतल्या सुजेत आहे आणि ती या औषधाने उतरत नाही. रुग्णाला बरे वाटते, सूज वाढत राहते, आणि एखाद्या रात्री पंपाने भागत नाही. म्हणूनच ‘जिना’ या दम्याविषयीच्या जागतिक तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये सांगितले की मोठ्या माणसांनी व किशोरवयीनांनी नुसत्या साल्ब्युटामॉलवर राहू नये. २०० मात्रांचे तीन पंप वर्षभरात संपत असतील, तर जोराच्या झटक्याचा धोका वाढलेला असतो. महिन्याला एक संपत असेल, तर जिवाचाही.

सूज उतरवते ते स्टेरॉइड. नाव ऐकताच घरचे दचकतात. गोळीतली मात्रा मिलिग्रॅममध्ये असते, पंपातली मायक्रोग्रॅममध्ये. पंप घेतल्यावर चूळ भरली की तोंडात बुरशी होण्याची भीतीही कमी.

मग ‘त्रास होईल तेव्हा’ चालतच नाही का? सौम्य दम्यात चालते, पण पंपात बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल दोन्ही हवीत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत असा पंप गरजेपुरता घेणाऱ्यांना जोराचे झटके रोज बुडेसोनाइड घेणाऱ्यांइतकेच आले, आणि स्टेरॉइड जेमतेम पाव भाग लागले. रोजच्या लक्षणांवर मात्र नियमित पंपाचाच ताबा थोडा अधिक राहिला. दमा मध्यम किंवा तीव्र असेल, तर रोजचा पंप चुकवायचा नाही. दोन महिने बरे वाटले म्हणून तो परस्पर बंद करणारे पुष्कळ भेटतात. बरे वाटते ते त्या पंपामुळेच.

दोष केवळ रुग्णांचा नाही. वाफ द्यायची, इंजेक्शन टोचायचे आणि स्टेरॉइडचा पंप न देताच घरी पाठवायचे, हा प्रकार अजून सर्रास चालतो. बुडेसोनाइड राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते तालुक्याच्या औषधखिडकीवर बारा महिने मिळाले पाहिजे.

पुढच्या तपासणीला येताना घरातले सगळे पंप, रिकामे धरून, पिशवीत घालून आणा.