फळी आणा, वेळ लिहा, उशीर करू नका

कर्जत-खालापूरच्या मंडळींनो, मेंदूचं किंवा मणक्याचं दुखणं आलं की घरात एकच धावपळ सुरू होते. मोठा डॉक्टर कुठे मिळेल? शोध घ्यायलाच हवा. पण त्या डॉक्टरपर्यंत पोहोचेपर्यंत पेशंट तुमच्या हातात असतो. कधी अर्धा तास, कधी चार तास. तेवढ्या वेळात तुम्ही काय करता, काय टाळता, यावर पुढचं पुष्कळ ठरतं.

हाड मोडलं तर जुळतं. कातडी फाटली तर भरून येते. मेंदू आणि कण्यातून जाणारा मज्जारज्जू मात्र तसा भरून येत नाही. सर्जन साचलेलं रक्त काढतो, दाब मोकळा करतो, सरकलेला मणका जागी बसवतो. म्हणजे पुढचं नुकसान थांबवतो. आधीच झालेलं नुकसान भरून काढणं बहुतेकदा त्याच्याही हातात नसतं. म्हणून ते होऊ न देणं हे घरच्यांचं आणि गावकऱ्यांचं काम आहे.

उंचावरून पडलं तर

आपल्याकडे माणसं कुठे पडतात ते तुम्हाला माहीत आहे. राबासाठी टहाळ तोडताना झाडावरून. आंबे, जांभळं काढताना. पावसाआधी कौलं चाळताना छपरावरून. बोरघाटात मोटारसायकलवरून. पावसाळ्यात धबधब्याखालच्या डोहात सूर मारताना, आणि फार्महाऊसच्या उथळ तलावातही.

पडलेल्या माणसाला बसवू नका. उभं करू नका. 'चालून बघ जरा' असं म्हणू नका. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील, पाय हलत नसतील, किंवा तो शुद्धीवर नसेल, तर मणका मोडला आहे असं धरूनच चाला.

वाडीवरून रस्त्यापर्यंत माणसाला झोळीतून आणायची आपली जुनी रीत आहे. तापाच्या पेशंटला ती चालते. पडलेल्याला चालत नाही. झोळीत पाठ वाकते आणि मोडलेला मणका मज्जारज्जूवर दाबला जातो. तिथे फळीच हवी. दाराची फळी चालेल. शिडीवर घोंगडी टाकून चालेल. दोन बांबूंना आडव्या कामट्या घट्ट बांधूनही चालेल.

चार जण लागतात. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं आणि मान सरळ धरायची. बाकी तिघांनी खांदा, कंबर, पाय धरायचे. डोक्याशी बसलेला म्हणेल तेव्हा सगळ्यांनी एकदम, ओंडका फिरवावा तसं, माणसाला कुशीवर वळवायचं. खाली फळी सरकवायची आणि परत उताणं करायचं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना कपड्याच्या घट्ट वळकट्या लावायच्या. कपाळ, छाती आणि मांड्या फळीला बांधायच्या. श्वास अडकेल इतकं आवळायचं नाही. ओकारी आली तर फळीसकट कुशीवर करायचं.

हेल्मेट हिसकून काढू नका. श्वास घेता येत नसेल तरच काढा, तेही एकाने मान धरून आणि दुसऱ्याने हळूच.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. मदतीला निघालेल्यांना भर पावसात डोंगर पायी चढावा लागला. अशा वाड्या आपल्या दोन्ही तालुक्यांत अजून आहेत. तिथे गाडी उशिराच पोहोचणार. म्हणून फळी वाडीतच तयार असली पाहिजे.

डोक्याला मार लागला तर

'रक्त नाही आलं, म्हणजे काही नाही' असं समजू नका. रक्त आत साचू शकतं. माणूस उठतो, बोलतो, चहा पितो. दोन तासांनी पेंगायला लागतो. तोवर आतला दाब वाढलेला असतो.

म्हणून पहिला दिवस-रात्र लक्ष ठेवा. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, फिट, एका बाजूची ताकद कमी, नाकाकानातून पाणी किंवा रक्त. यातलं एक जरी दिसलं तरी रात्र असो, पाऊस असो, निघा.

म्हाताऱ्या माणसांचं आणखी वेगळं आहे. आजोबा न्हाणीत घसरले, थोडं लागलं, सगळे विसरून गेले. तीन-चार आठवड्यांनी ते गोंधळल्यासारखं करू लागले, चालताना एका बाजूला झुकू लागले. घरचे म्हणतात, वय झालं. पण कवटीच्या आत हळूहळू साचलेलं रक्तही असं करतं. सीटी स्कॅनमध्ये ते दिसतं. बऱ्याचदा कवटीला लहानसं छिद्र पाडून ते काढता येतं आणि माणूस पुन्हा घरात वावरू लागतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

अंगावरून वारं गेलं तर

तोंड वाकडं झालं का? दोन्ही हात वर करायला सांगितल्यावर एक खाली येतो का? बोलणं अडखळतं का? हा लकवा. आधी घड्याळ बघा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता ती वेळ कागदावर लिहा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.

रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. काही पेशंटची गुठळी नळी घालून त्यानंतरही काढता येते. पण जितकं लवकर तितकं बरं. इंजेक्शनआधी सीटी स्कॅन व्हायलाच हवा, कारण लकवा गुठळीनेही होतो आणि रक्तस्रावानेही. दोन्हींचे उपचार उलटे आहेत. म्हणून घरातली ॲस्पिरिन मनाने देऊ नका. पाणी पाजू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. कबुतराचं रक्त, मालिश, भगताचा अंगारा यात पहिले तास घालवू नका. देवाचं नाव गाडीतही घेता येतं.

फिट आली तर

कुशीवर वळवा. आजूबाजूचं टोकदार सामान हलवा. दातात चमचा घालू नका. चप्पल, कांदा हुंगवू नका. वेळ मोजा. पाच मिनिटांत थांबली नाही, लागोपाठ आली, किंवा आयुष्यात पहिल्यांदाच आली असेल, तर दवाखान्यात न्या. मोठ्या वयात पहिली फिट आली तर मेंदूची तपासणी करायलाच हवी. कधी गाठ निघते, कधी पट्टकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत झालेली पुटकुळी. तिच्यापासून जपायचं तर संडास वापरा, हात धुवा, कच्ची भाजी स्वच्छ धुवून खा. गोळ्या सुरू झाल्या की मनाने बंद करू नका.

हळूहळू येणारी दुखणी

पाठ दुखते म्हणून लगेच ऑपरेशन, असं नसतं. मणक्यांमधली गादी सरकून पायात कळ जाणाऱ्या बहुतेकांना काही आठवड्यांत औषधं, थोडी विश्रांती आणि व्यायाम यांनी आराम पडतो. पण पाठ चोळून, पायाने तुडवून किंवा मानेला झटका देऊन 'नस मोकळी' करून घेऊ नका.

लघवी अडली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, किंवा दोन्ही पाय लुळे पडू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दोन दिवस थांबलात तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

पाठ रात्री जास्त दुखते, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरतं, पाठीवर उंचवटा दिसतो? मणक्याचा टीबी असू शकतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. बहुतेकांना औषधांनीच बरं वाटतं. मज्जारज्जूवर दाब आला तर ऑपरेशन लागतं.

मायबहिणींनो, वर्षानुवर्षं डोक्यावर मोळी आणि हंडे वाहून मान झिजते. मान दुखते एवढंच नाही. ब्लाउजची बटणं लावताना बोटं चुकतात. पायातली चप्पल निसटते आणि कळत नाही. चाल डगमगते. ही मज्जारज्जू दबल्याची खूण आहे. ती आली की ऑपरेशनला फार टाळाटाळ करू नका.

सकाळी उठताच डोकेदुखी आणि उलटी, आठवड्यामागून आठवडे वाढत जाणारी, तीही दाखवा. एका क्षणात आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी झाली तर तासभरही थांबू नका.

ज्या घरात पाळणा हलायची आशा आहे, तिथे एक सांगणं. बाळाचा कणा गर्भाच्या पहिल्या चार आठवड्यांतच मिटतो. तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी आधीपासून हवी. आशाताईंना विचारा.

ऑपरेशन सांगितलं तर

'मणक्याला हात लावला की माणूस अधू होतो' हे तुम्ही ऐकलं असेल. धोका असतो, नाही असं नाही. पण अधू झालेले अनेक जण मुळात उशिरा पोहोचलेले असतात.

सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयाला कमी समजू नका. मानेचे सगळ्यात वरचे दोन मणके स्क्रूने जोडायची एक पद्धत आज जगभर वापरतात. ती मुंबईत, परळच्या पालिकेच्या केईएम रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी बसवली आणि १९९४ साली प्रसिद्ध केली. आपली कर्जत-खोपोलीची लोकल त्याच मुंबईला जाते. ओपीडीला जायला लोकल चालेल. तातडीच्या पेशंटला मात्र ॲम्ब्युलन्सच हवी.

सीटी स्कॅन लवकर होतो. त्यात रक्तस्राव आणि हाडांची मोड दिसते. एमआरआयला वेळ लागतो. त्यात मज्जारज्जू, नसा, गाद्या नीट दिसतात. अंगात पेसमेकर किंवा कसलंही धातूचं बसवलेलं असेल तर आधी सांगा.

डॉक्टरांना पाच प्रश्न विचारा. ऑपरेशन नेमकं कशासाठी? नाही केलं तर काय होईल? आजच करायचं की थांबता येईल? धोका कोणता? घरी आल्यावर काय काय लागेल? उत्तरं लिहून घ्या. घाई नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवा. त्यात कोणाचा अपमान नाही. फिल्म, सीडी, रिपोर्ट एकाच पिशवीत ठेवा.

घरी आल्यावर न हलू शकणाऱ्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्या. पाठ, टाचा, माकडहाड रोज बघा. ऑपरेशन नीट होऊनही माणसं अंथरुणातल्या जखमांनी जातात. फिजिओथेरपीचे व्यायाम चुकवू नका. फळ महिन्यांनी दिसतं.

पैशाचं काय

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली वेगळ्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. आता त्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. मेंदू आणि मणक्याच्या अनेक शस्त्रक्रिया त्यात बसतात. योजनेतल्या रुग्णालयात पोहोचताच आरोग्यमित्राचं टेबल शोधा. रेशनकार्ड आणि आधार दाखवा. मदतीचा क्रमांक १५५३८८. आगाऊ पैसे भरण्याआधी आणि शेत गहाण टाकण्याआधी इथे विचारा.

रस्त्यावरच्या अपघातासाठी २०२५ पासून केंद्राची योजना आहे. नेमलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत रोख न भरता उपचार मिळतात. पोलिसांना कळवायला विसरू नका. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. नाव सांगायची सक्ती नाही. त्यामुळे घाटात कोणी पडलेलं दिसलं तर पुढे निघून जाऊ नका.

या आठवड्यात एवढं करा

एक. १०८ हा क्रमांक घरातल्या लहान मुलालाही पाठ करायला लावा. फोनवर गाव, वाडी, जवळची खूण सांगायची. एक्स्प्रेसवेवर असाल तर किलोमीटरची पाटी वाचायची, आणि पुण्याकडची बाजू की मुंबईकडची, तेही सांगायचं.

दोन. सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन दोन्ही चोवीस तास कुठे मिळतात ते आजच विचारून ठेवा. खोपोली, चौककडच्यांनी पनवेल-कामोठे बाजूला. नेरळ, कर्जतकडच्यांनी पनवेल आणि कल्याण, दोन्हीकडे. पेशंटचा श्वास बिघडला असेल तर मात्र आधी जवळचा दवाखाना.

तीन. ग्रामसभेत विषय काढा. दर वाडीत एक मजबूत फळी आणि चार पट्टे. अंगणवाडीत ठेवा, समाजमंदिरात ठेवा. कुलपाची किल्ली कोणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत हवं.

चार. चार तरुण निवडा. एका रविवारी धडधाकट माणसाला फळीवर घ्यायचा सराव करा. जमल्यास आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवा.

पाच. मोटारसायकलवर पुढच्याने आणि मागच्यानेही हेल्मेट घाला, पट्टा लावून. झाडावर चढताना कमरेला दोर बांधा. तळ दिसत नसेल त्या पाण्यात सूर मारू नका. बीपीची गोळी चालू असेल तर ती रोज घ्या.

यातल्या कशालाच फार पैसे लागत नाहीत. सर्जनचं काम सर्जन करील. त्याच्या टेबलापर्यंत माणूस सरळ आणि वेळेत पोहोचवायचं काम तुमचं आहे.