क्लच प्लेट गेली म्हणण्याआधी

मारुती ८०० ही गाडी अजूनही कितीतरी घरांच्या अंगणात उभी असते. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ७९६ सीसीचं छोटंसं इंजिन, हलकं अंग आणि सहज पडणारे गिअर. गावोगावच्या कितीतरी बायका हिच्यावरच गाडी शिकल्या.

पण गाडी जुनी झाली की क्लच कुरकुरायला लागतो. गॅरेजवाला म्हणतो, "ताई, क्लच प्लेट गेली." घरचे म्हणतात, "तू सारखी क्लचवर पाय ठेवतेस ना!" प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. म्हणजे मजुरीही मोठी आणि महिन्याचं गणित कोलमडलंच म्हणा. म्हणून 'हो' म्हणण्याआधी थोडी तपासणी आपणच करावी.

आधी क्लच म्हणजे काय ते समजून घेऊ. इंजिन सतत फिरत असतं, चाकं मात्र थांबावी लागतात. फिरणाऱ्या दोन लोखंडी चकत्यांच्या मध्ये क्लच प्लेट घट्ट दाबून धरलेली असते. पेडल दाबलं की ही पकड सुटते, पाय उचलला की पुन्हा बसते. पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत हा निरोप पोहोचवते एक तार, अगदी सायकलच्या ब्रेकसारखी. हिलाच क्लच केबल म्हणतात. पुष्कळदा दुखणं असतं या केबलचं आणि बिल मात्र होतं प्लेटचं!

आता इंजिन बंद ठेवून पेडल हातानं हळूच दाबून बघा. सुरुवातीला ते सैल जातं, मग घट्ट लागतं. या सैल अंतराला 'प्ले' म्हणतात. तो साधारण दोन सेंटिमीटरच्या आसपास असावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळेल.

प्ले फार असेल, तर पेडल तळाशी गेलं तरी पकड पूर्ण सुटत नाही. मग गिअर अडतो आणि रिव्हर्स टाकताना कर्रकर्र आवाज येतो. प्ले अजिबात नसेल, तर पकड नीट बसत नाही. चढावर इंजिन ओरडतं पण गाडी पुढे सरकत नाही, जळकट वास येतो. दोन्ही वेळी पहिला उपाय एकच. केबलच्या टोकाचा नट फिरवून प्ले नीट करून घ्यायचा. थोड्या वेळाचं काम आहे.

पेडल जड लागत असेल, तर केबल आतून सुकलेली किंवा तिचे धागे तुटायला लागलेले असू शकतात. अशी केबल वेळीच बदला. प्लेटच्या मानानं ती फारच स्वस्त. पेडल दाबताच घरघर ऐकू आली, तर बेअरिंगकडे बघायला सांगा.

प्ले बरोबर असूनही गाडी ओढत नसेल, तर मोकळ्या जागी, पुढे कोणी नाही असं बघून एक परीक्षा घ्या. हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर प्लेटची पकड ठीक आहे. चालूच राहिलं तर प्लेट खरोखर झिजली आहे. ही परीक्षा एकदाच करा, पुन्हा पुन्हा नको. प्लेट बदललीच, तर जुनी मागून घ्या. झीज रिव्हेटपर्यंत पोहोचलेली असली, तर खर्च योग्य जागी झाला असं समजा.

दोन घरगुती गोष्टीही तपासा. पायाखालची रबरी चटई सरकून पेडलखाली अडकत नाही ना? आणि पेडल तळापर्यंत पोहोचतं ना? उंची कमी असेल तर सीट पुढे घ्या, पाठीशी उशी ठेवा. अर्धवट दाबलेल्या क्लचनं गिअर खरखरतातच. चढावर गाडी अर्ध्या क्लचवर धरून ठेवू नका, त्यासाठी हँडब्रेक आहे.

आणि रस्त्यातच केबल तुटली तर? पेडल एकदम मऊ पडून खाली जातं. घाबरू नका. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा, गिअर ओढून न्यूट्रलमध्ये आणा आणि ब्रेकनं गाडी कडेला घ्या. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली मात्र काढू नका, नाहीतर स्टिअरिंग अडकेल.

गॅरेजात गेल्यावर नुसतं "क्लच बिघडलाय" म्हणू नका. "प्ले किती आहे बघा आणि केबल दाखवा," असं म्हणा. समोरच्याच्या बोलण्यात लगेच फरक पडतो, हे तुमच्याही ध्यानात येईल.