नेटवर्क नसलेल्या ठिकाणी गाणं रेकॉर्ड करायचं तर

सुट्टीवर गावी गेलो की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "दादा, गाणं रेकॉर्ड करायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" विचारणारी पोरं भजनी मंडळातली असतात, कुणी पोवाडा गातो, कुणाला रॅप करायचंय. युनिटमध्येही हाच प्रश्न चार भाषांतून येतो. शिवाय निवृत्त झालेले दोन-तीन साहेब फोन करून विचारतात. आता त्यांच्याकडे वेळ आहे आणि गळा अजून शाबूत आहे.

या प्रश्नाची उत्तरं इंटरनेटवर ढिगानं मिळतात, पण ती बहुतेक शहरात वायफायजवळ बसलेल्या माणसासाठी लिहिलेली असतात. माझं मत थोडं वेगळं आहे. कोणत्या सॉफ्टवेअरचा आवाज भारी, हे फौजी माणसानं शेवटी बघावं. आधी दोन गोष्टी बघाव्यात. नेटवर्क नसताना ते उघडतं का? आणि दहा वर्षांनी, दुसऱ्याच कॉम्प्युटरवर, आपलं गाणं उघडेल का?

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रेकॉर्डिंग, कापाकापी आणि मिक्सिंग ज्या सॉफ्टवेअरमध्ये होतं त्याला डीएडब्ल्यू म्हणतात. क्युबेस, लॉजिक प्रो, प्रो टूल्स, एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ, रीपर ही त्यातली नेहमी ऐकू येणारी नावं. त्याला बाहेरून जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरला प्लग-इन म्हणतात. एखादं प्लग-इन आवाजाला घुमारा देतं, एखादं मागची खरखर कमी करतं, एखादं तबल्याचा किंवा व्हायोलिनचा आवाज काढून देतं.

गोंधळ होतो तो इथे. ज्यांनी एसएलआर चालवली आहे त्यांना हे समजावणं सोपं आहे. एसएलआर ७.६२ आणि एके-४७ सुद्धा ७.६२. पण एकीच्या काडतुसाची केस ५१ मिलिमीटरची, दुसरीची ३९. नुसतं "७.६२ द्या" म्हणून भागत नाही. तसंच नुसतं "प्लग-इन घेतलं" म्हणूनही भागत नाही.

स्टाइनबर्ग कंपनीनं १९९६ मध्ये क्युबेसबरोबर व्हीएसटी हा प्रकार आणला. २००८ मध्ये व्हीएसटी-३ आलं. २०१८ पासून जुन्या व्हीएसटी-२ साठी नव्या कंपन्यांना परवाने देणंही बंद झालं. ॲपलचा स्वतःचा प्रकार म्हणजे ऑडिओ युनिट. लॉजिक प्रो आणि गॅरेजबँड हाच प्रकार घेतात, व्हीएसटी घेत नाहीत. प्रो टूल्सला एएएक्स लागतं. २०२२ मध्ये क्लॅप नावाचा एक खुला प्रकारही आला. म्हणजे मित्रानं कौतुक केलेलं प्लग-इन तुमच्या सॉफ्टवेअरच्या प्रकारात मिळतं का, हे आधी बघावं लागतं.

प्रकार जुळला तरी काम संपत नाही. विंडोजसाठी बनवलेलं व्हीएसटी-३ मॅकवर चालत नाही. जुनं ३२ बिटचं प्लग-इन ६४ बिटच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट बसत नाही, मध्ये पूल बांधणारं आणखी एक सॉफ्टवेअर लागतं. मॅकवर तर २०१९ च्या कॅटालिनापासून ३२ बिटचं सगळंच बंद झालं. २०२० मध्ये ॲपलनं प्रोसेसरच बदलला, तेव्हा जुनी प्लग-इन्स रोझेटा नावाच्या दुभाष्यामार्फत चालवावी लागली.

तिसरी गोष्ट परवान्याची, आणि आपल्यासाठी हीच सगळ्यात महत्त्वाची. काही प्लग-इन्सचा परवाना कॉम्प्युटरवर बसतो, काहींचा आयलॉकच्या यूएसबी चावीवर. काहींचा ऑनलाइन राहतो. आयलॉकचा क्लाउड परवाना वापरायचा तर काम चालू असेपर्यंत इंटरनेट चालू राहायला हवं. पुण्यात किंवा बेंगळुरूमध्ये यात काहीच अडचण नाही. पण जिथे घरी फोन लावायला टेकडीवर उभं राहावं लागतं, तिथे पैसे भरून घेतलेलं प्लग-इनही गप्प बसणार. म्हणून विकत घेण्याआधी कंपनीला एकच प्रश्न विचारा. नेटशिवाय हे किती दिवस चालेल? उत्तर गोलमोल आलं तर पुढे चला.

"एवढं कशाला, क्रॅक टाक ना," असं सांगणारे भेटतातच. चोरी ही एक गोष्ट झाली. दुसरी म्हणजे अशा फायलींतून कॉम्प्युटरमध्ये काय शिरतं ते आपल्याला दिसत नाही. आपला लॅपटॉप कॉलेजच्या पोराच्या लॅपटॉपसारखा नाही. २०२० च्या जुलैमध्ये फोनमधली ८९ ॲप्स काढायला सांगितली गेली, ती उगाच नव्हे. लॅपटॉप, माईक, रेकॉर्डर याबाबत युनिटचा जो नियम असेल तो आधी पाळा, गाणं नंतर. फाइलच्या नावात जागेचं किंवा युनिटचं नाव नको.

मग घ्यायचं काय? माझं मत रीपरला आहे. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून बघता येतं. वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरचा, म्हणजे पाच हजार रुपयांच्या आसपास. परवाना एका छोट्या फाइलमध्ये मिळतो, त्याला रोज नेटची हजेरी द्यावी लागत नाही. आवाज सुधारायला लागणारी मुख्य साधनं त्यातच येतात. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे, सुरुवातीला तेवढं पुष्कळ.

याला दुसरी बाजूही आहे. पेन्शननंतर मुंबईच्या फिल्म स्टुडिओत काम शोधायचं असेल तर प्रो टूल्स शिकावंच लागेल, कारण तिथे फायली त्यातच फिरतात. फक्त बीट्स बनवायचे असतील तर एफएल स्टुडिओत हात लवकर बसतो. पण आपल्यापैकी बहुतेकांना भजन, पोवाडा, लोकगीत रेकॉर्ड करायचं असतं. ते माणसं एकत्र बसून गातात. गजराला लय चढते, कॉम्प्युटरच्या ठोक्यावर ती थांबत नाही. अशा कामाला महागडी प्लग-इन्स फारशी लागत नाहीत. एक बरा माईक, शांत खोली आणि भिंतीला टांगलेल्या दोन घोंगड्या जास्त उपयोगी पडतात.

कोणतंही सॉफ्टवेअर घ्या, त्याच्यावर पूर्ण विसंबू नका. २००२ मध्ये ॲपलनं लॉजिक बनवणारी कंपनी घेतली आणि विंडोजवरचं लॉजिक बंद केलं. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये गिब्सननं केकवॉकचं काम थांबवलं. पुढच्या फेब्रुवारीत बँडलॅबनं ते घेतलं म्हणून वापरणारे वाचले. कंपन्यांचेही मालक बदलतात. आपलं गाणं त्यांच्या भरवशावर सोडायचं नाही.

त्यासाठी एक शिस्त पाळा. गाणं पूर्ण झालं की प्रत्येक ट्रॅक वेगळा, शून्य सेकंदापासून, साध्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा. प्लग-इनमधून आलेला तबला असेल तर त्याचीही वेव्ह करा. नाहीतर उद्या ते प्लग-इन नसलेल्या कॉम्प्युटरवर स्वरांच्या खुणा दिसतील, आवाज मात्र येणार नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, पाच मिनिटांचं गाणं, आठ मोनो ट्रॅक, एवढ्याला साधारण ३५० एमबी लागतात. हजार जीबीच्या हार्ड डिस्कमध्ये असली अडीच हजारांहून जास्त गाणी मावतील.

हे मी इतकं का सांगतोय? आमच्या युनिटमधले ढोलकी वाजवणारे हवालदार साहेब पुढच्या वर्षी पेन्शनला जातील. टाळ धरणारा पोरगा दुसरीकडे बदलून जाईल. कोरस देणारे दोघे, एक गढवालचा, एक आंध्रचा, मराठीचा अर्थ विचारून विचारून शिकले, तेही पांगतील. हा संच पुन्हा एका खोलीत बसणार नाही. सॉफ्टवेअर पुन्हा विकत घेता येतं, हा आवाज नाही.

म्हणून प्रत्येक गाण्याच्या फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा. कोण गातंय, कोण वाजवतंय, गाव कोणतं, पट्टी काळी दोन की पांढरी चार. एक प्रत आपल्याजवळ, दुसरी घरच्या कपाटात. आणि रेकॉर्ड केलेली प्रत त्या गाणाऱ्याच्या हातात द्या, त्याची बदली व्हायच्या आधी.

जय हिंद.